धावायला शिकवले, थांबायला कोण शिकवणार?

पावसाळा सुरू झाला की शहरात फुटबॉलला भर येतो. सुब्रतो चषकाच्या शालेय स्पर्धा तोंडावर असतात, आमखास मैदानावर आणि गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात मुले दिसू लागतात, शाळांच्या मुरमाड पटांगणांवर संध्याकाळी चेंडूचा आवाज घुमतो. अशा कुठल्याही सरावाला अर्धा तास उभे राहून पाहावे. वीस मुले रांगेत उभी असतात आणि एकामागून एक गोलवर फटका मारतात. मग थोडे पासिंग, थोडे ड्रिबलिंग आणि शेवटी सामना. बचावाचा सराव कुठेच नसतो. सामन्यासाठी संघ पाडताना जो जरा जाड, जरा हळू, किंवा नवा, त्याला मागे उभे केले जाते. त्याला मिळणारे प्रशिक्षण एका वाक्याचे असते : ‘बॉल आला की पाय घाल.’

हे वाक्य खेळाच्या दृष्टीने चुकीचे आहेच, पण त्याहून जास्त ते गुडघ्याच्या दृष्टीने घातक आहे. समोरून चेंडू घेऊन येणाऱ्या खेळाडूला एकट्याने कसे अडवायचे, हा विषय डावपेचांच्या वहीतला समजला जातो. खरे तर तो आरोग्याच्या पानावरचाही विषय आहे. कारण फुटबॉलमध्ये गुडघा सर्वाधिक निकामी होतो तो गोल करताना नव्हे, तर समोरच्याला अडवायला धावताना.

कॅमेऱ्याने दाखवलेले सत्य

गुडघ्याच्या आत मधोमध एक छोटा पण मजबूत अस्थिबंध असतो. त्याला अँटेरिअर क्रुशिएट लिगामेंट, थोडक्यात ‘एसीएल’ म्हणतात. मांडीच्या हाडाखाली नडगीचे हाड पुढे घसरू नये आणि वेडेवाकडे पिळले जाऊ नये, हे त्याचे काम. तो पूर्ण तुटला की बहुतेकदा आपोआप पूर्वीसारखा जुळत नाही. ज्याला पुन्हा वेगाने वळण्याचे खेळ खेळायचे आहेत, त्याच्यापुढे अनेकदा शस्त्रक्रिया आणि वर्षभराचा व्यायाम हाच मार्ग उरतो.

हा बंध तुटतो कसा? लोकांची समजूत अशी की, कुणीतरी जोरात लाथ मारली असेल. इटलीतील व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या अशा १३४ दुखापतींच्या चित्रफिती संशोधकांनी एकेक करून तपासल्या आणि २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गुडघ्यावर थेट आघात झाल्याने बंध तुटल्याची उदाहरणे होती अवघी १२ टक्के. उरलेल्यांत निम्म्यांना दुखापतीच्या क्षणी कुणाचा स्पर्शही झाला नव्हता. निम्म्यांना धक्का लागला होता, पण तो गुडघ्याला नव्हे, अंगाला कुठेतरी दुसरीकडे. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे, जवळपास निम्म्या, म्हणजे ४७ टक्के दुखापती समोरच्यावर दबाव आणायला धावताना किंवा त्याच्याकडून चेंडू काढून घेताना झाल्या होत्या. त्याआधी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३९ दुखापतींच्या अशाच अभ्यासातही दबावासाठी धावून जाणे हाच प्रसंग पहिल्या क्रमांकावर होता.

आणखी एक गोष्ट डोळे उघडणारी होती. इटलीच्या अभ्यासातील ६२ टक्के दुखापती सामन्याच्या पूर्वार्धात झाल्या होत्या. म्हणजे ‘दमला होता म्हणून पाय मुरगळला’ हे स्पष्टीकरण पुरेसे नाही. ताज्या दमाचा, पूर्ण वेगात असलेला खेळाडूच इथे अधिक सापडतो.

हे घडते त्या क्षणाचे चित्र जवळजवळ ठरलेले आहे. बचावपटू पूर्ण वेगाने धावत येतो. समोरचा डावीकडे जाण्याची हूल देतो आणि उजवीकडे वळतो. बचावपटू एक पाय लांब टाकून चेंडू गाठू पाहतो. तो पाय जवळजवळ सरळ, टाच आधी टेकलेली, धड एका बाजूला झुकलेले आणि गुडघा आत, दुसऱ्या पायाच्या दिशेने कोसळलेला. सगळ्या अंगाचा वेग त्या एका पायावर थांबतो. सरळ गुडघ्यात मांडीचा पुढचा स्नायू नडगीला पुढे ओढतो. तिला मागे धरून ठेवणाऱ्या हॅमस्ट्रिंग स्नायूंना त्या अवस्थेत नीट जोर लावता येत नाही. सगळा भार एसीएलवर येतो आणि तो तुटतो. अनेकांना त्या वेळी ‘कट’ असा आवाज ऐकू येतो.

४० मिलिसेकंदांचा हिशेब

इथे पालक आणि क्रीडाशिक्षक म्हणतात, ‘पोराने जरा लक्ष द्यायला हवे होते.’ लक्ष देऊन हे टळत नाही, याचे कारण शरीरशास्त्रात आहे. हँडबॉल आणि बास्केटबॉल खेळणाऱ्या महिलांच्या एसीएल दुखापतींच्या चित्रफितींचे बारकाईने विश्लेषण झाले, तेव्हा पाय जमिनीला टेकल्यापासून साधारण ४० मिलिसेकंदांतच गुडघा आत कोसळत असल्याचे दिसले. डोळ्यांनी काही पाहून त्यावर हालचाल सुरू करायला निरोगी तरुणालाही सुमारे २०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे पाय चुकीचा पडतो आहे हे मेंदूला कळेपर्यंत बंध तुटून गेलेला असतो.

याचा अर्थ सरळ आहे. त्या क्षणी विचार वाचवत नाही, सवय वाचवते. पाय टेकण्यापूर्वीच गुडघा वाकलेला हवा, पावले आखूड झालेली हवीत, तोल खाली आलेला हवा. हे शेकडो वेळा केल्याशिवाय अंगात भिनत नाही. म्हणूनच एकट्याने बचाव करण्याचा सराव ही चैन नाही. दुचाकी चालवायला शिकवताना कुणी ब्रेक शेवटी शिकवत नाही. फुटबॉलमध्ये मात्र आपण ब्रेक शिकवतच नाही.

बचाव म्हणजे वाट पाहणे

चांगला बचाव शिकवणारे प्रशिक्षक जे सांगतात, त्यातील प्रत्येक सूचना गुडघ्याच्या डॉक्टरने लिहून द्यावी अशीच आहे. समोरच्याकडे वेगाने जा, पण शेवटच्या चार-पाच मीटरवर वेग तोडा. तो एका लांब पावलाने तोडू नका, लहान लहान पावलांनी तोडा. त्यामुळे थांबण्याचा भार एका पायावर न पडता अनेक पावलांत वाटला जातो. समोरासमोर ताठ उभे राहू नका. एक पाय पुढे, एक मागे, अंग तिरके ठेवा. मग समोरचा कुठेही वळला तरी शरीर आधीच अर्धे वळलेले असते आणि टेकलेल्या पायावर गिरकी घेण्याची वेळ येत नाही. गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर, टाचा हलक्या. अंतर साधारण हातभर. नजर चेंडूवर, कारण हूल खांदे आणि पाय देतात, चेंडू देत नाही. त्याला मैदानाच्या कडेला न्या. आणि पाय तेव्हाच घाला, जेव्हा त्याचा चेंडू त्याच्या पायापासून सुटेल.

थोडक्यात, ‘बॉल आला की पाय घाल’च्या नेमके उलट. आधी थांबा, मग अडवा, मग वाट पाहा आणि शेवटी चेंडू घ्या.

महाराष्ट्राला हे नवे वाटण्याचे कारण नाही. कबड्डीचा कोपरारक्षक हेच करतो. चढाईपटू अंगणात आला की तो गुडघ्यांत वाकून, चवड्यांवर, अंग तिरके करून उभा राहतो. चढाई ३० सेकंदांची असते, तोवर तो घाई करत नाही. चढाईपटूचा पाय लांबला, तोल गेला की मगच घोट्याला हात घालतो. उतावीळ कोपरारक्षक गुण देऊन बाहेर जातो, हे गल्लीतल्या पोरालाही माहीत असते. कबड्डीत ज्याला आपण शहाणपण म्हणतो, ते फुटबॉलच्या मैदानावर आले की भित्रेपणा कसा ठरतो, हे कोडेच आहे. (कबड्डीतही गुडघे जातातच. पण तिथे निदान पकडीचा सराव रोज होतो.)

बचावाकडे दुर्लक्ष होण्यामागे आपली पाहण्याची सवयही आहे. २०१९ च्या इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात मुंबईकर बचावपटू राहुल भेके याने बंगळुरू एफसीसाठी अतिरिक्त वेळेत हेडरने गोल केला आणि गोव्याविरुद्धचा तो सामना १-० ने जिंकून दिला. लोकांना तो गोल आठवतो. त्याच सामन्यात बंगळुरूच्या बचावफळीने गोव्याला १२० मिनिटे एकही गोल करू दिला नाही, हे कुणी सांगत नाही. त्याच वर्षी भारताचा प्रमुख बचावपटू संदेश झिंगन याचा एसीएल सराव सामन्यात तुटला आणि त्याला पूर्ण लीग हंगाम बाहेर बसावे लागले. त्याच्या मागे संघ होता, डॉक्टर होते, फिजिओ होते. जिल्हास्तरावर खेळणाऱ्या पोराच्या मागे कोण असते?

सरकारी ओपीडीतला उशीर

सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग ओपीडीत अशी मुले येतात, पण ती दुखापतीच्या दिवशी येत नाहीत. मैदानावर पाय मुरगळतो, दोन-चार तासांत गुडघा टम्म सुजतो. ती सूज सांध्यात साचलेल्या रक्ताची असते. घरी हळदीचा लेप लागतो, मग कुणीतरी मालिश करणाऱ्याकडे नेतो. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, चालता येते, म्हणून ‘मुका मार होता’ असे ठरते आणि मुलगा पुन्हा मैदानात उतरतो. आता गुडघा वळताना निसटतो. प्रत्येक निसटण्यात आतली कूर्चेची गादी, म्हणजे मेनिस्कस, चिरडली जाते. सहा-आठ महिन्यांनी गुडघा अडकू लागतो, तेव्हा कुठे रुग्णालय आठवते. तोवर एका बंधाची दुखापत दोन-तीन भागांची झालेली असते. एसीएल तुटलेल्या, त्यातही गादी गमावलेल्या गुडघ्यात लवकर झीज होण्याचा धोका मोठा असतो. सोळाव्या वर्षी मैदानावर तुटलेला गुडघा पस्तिशी-चाळिशीत जिने चढताना हिशेब मागतो. ज्याला पुढे पोलीस किंवा सैन्यभरतीत धावायचे आहे, त्याच्यासाठी तर हा हिशेब त्याहून लवकर येतो.

म्हणून एक साधा नियम प्रत्येक क्रीडाशिक्षकाने आणि पालकाने लक्षात ठेवावा. खेळताना गुडघा पिळला गेला, आवाज आला आणि काही तासांतच सूज आली, तर ते एसीएल तुटल्याचे लक्षण समजून अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. तोवर बर्फ, पट्टी, पाय उंच आणि पूर्ण विश्रांती. मालिश नाही. शस्त्रक्रिया झाली असेल तर मैदानावर परतण्याची घाई नाही. नॉर्वेतील एका अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत परतण्यास जितका उशीर केला, त्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटल्याचे दिसले. स्पर्धा पुढच्या वर्षीही असते.

वीस मिनिटे आणि एक चेंडू

यावर उपाय आहे आणि तो महाग नाही. फिफाच्या वैद्यकीय संशोधकांनी तयार केलेला ‘११+’ नावाचा वॉर्मअप आहे. पंधरा व्यायाम, सुमारे वीस मिनिटे, आठवड्यातून किमान दोनदा. हळू धावणे, पोट-कंबरेचे आणि हॅमस्ट्रिंगचे व्यायाम, एका पायावर तोल, उडी मारून मऊ उतरणे, दिशा बदलून धावणे. साहित्य काय, तर एक चेंडू आणि खुणेसाठी काही कोन. कोन नसले तर विटा चालतात. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या १८९२ मुलींवर झालेल्या चाचणीत हा वॉर्मअप करणाऱ्या संघांत एकूण दुखापती सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाल्या. स्वीडनमध्ये ४५६४ मुलींवर अशाच पंधरा मिनिटांच्या व्यायामाची चाचणी झाली. एसीएल तुटण्याचे प्रमाण ६४ टक्क्यांनी घटले, आणि नियमाने व्यायाम करणाऱ्या मुलींत ते त्याहूनही जास्त घटले. ७ ते १३ वर्षांच्या मुलांसाठी वेगळा कार्यक्रम आहे. युरोपातील चार देशांत त्याने दुखापती जवळपास निम्म्याने कमी केल्या.

या चाचण्या मुलींवर झाल्या याला कारण आहे. फुटबॉलमध्ये मुलींचा एसीएल तुटण्याचा धोका मुलांच्या दोन ते तीन पट असतो. आपल्याकडे मुलींचे संघ वाढत आहेत, ही आनंदाची गोष्ट. पण ज्या मुलीला लहानपणी झाडावर चढू दिले नाही, अंगणात उड्या मारू दिल्या नाहीत, तिला चौदाव्या वर्षी एकदम स्पर्धेत उतरवायचे आणि वॉर्मअप म्हणून मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावायच्या, हा तिच्या गुडघ्यांवर अन्याय आहे.

वॉर्मअपनंतर दहा मिनिटे एकास-एक खेळ ठेवावा. दहा पावलांचा चौकोन, एक चेंडू घेऊन येणारा, एक अडवणारा. पहिले दोन आठवडे अडवणाऱ्याला चेंडू काढून घ्यायला मनाई. त्याने फक्त पाच सेकंद अडवून धरायचे. धरले की एक गुण. मुलांना हा खेळ वाटतो, शिक्षा वाटत नाही, आणि नकळत पावले आखूड होतात, गुडघे वाकतात. शिक्षकाने एकच गोष्ट पाहायची : थांबताना कुणाचा गुडघा आत कोसळतो आहे का. त्या मुलाला बाजूला घेऊन वेग कमी करून पुन्हा शिकवायचे.

आपल्या मैदानांचा विचारही हवा. मुरमावर घसरून टॅकल करू नये. तो प्रकार हिरवळीसाठी आहे. तरी खरचटतेच. जखम साबण-पाण्याने स्वच्छ धुवावी आणि १० व्या व १६ व्या वर्षी सरकारी लसीकरणात मिळणारी टीडी लस झाली आहे का, हे पाहावे. नडगीचे पॅड, म्हणजे शिनगार्ड, हे फुटबॉलच्या नियमांनुसार सक्तीचे आहेत. सरावातही ते हवेत.

डोक्याने चेंडू परतवण्याबाबतही सावध राहावे. स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक खेळाडूंच्या अभ्यासात मेंदूच्या झिजेच्या आजारांचे प्रमाण सामान्य लोकांपेक्षा सुमारे साडेतीनपट आढळले. २०२१ मध्ये त्यांची खेळण्याच्या जागेनुसार विभागणी झाली, तेव्हा सर्वाधिक, जवळपास पाचपट धोका बचावपटूंत दिसला. चेंडूला क्वचितच डोके लावणाऱ्या गोलरक्षकांत मात्र तो सामान्य लोकांइतकाच होता. हे खेळाडू आयुष्यभर व्यावसायिक फुटबॉल खेळलेले, त्यामुळे शाळेच्या मुलाच्या पालकांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. पण अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्येच दहा वर्षांखालील मुलांना हेडिंग बंद केले, हे लक्षात घेऊन आपल्याकडेही प्राथमिक वर्गांत हेडरचा सराव थांबवायला काय हरकत आहे?

आक्षेप आणि उत्तर

काही शिक्षक म्हणतील, तासिका चाळीस मिनिटांची, मुले साठ, चेंडू दोन. यात हे सगळे कसे बसवायचे? प्रश्न खरा आहे. पण रांगेत उभे राहून आपली पाळी येण्याची वाट पाहण्यात साठ मुलांची जी मिनिटे जातात, तीच या व्यायामांना पुरतात, कारण त्यांतील बहुतेकांना चेंडू लागतच नाही. दुसरा आक्षेप असा, की युरोपातील हिरवळीवरचे आकडे आपल्या मुरमाला कसे लागू होतील? टक्केवारी तंतोतंत तीच राहील असे नाही. गुडघ्याची रचना मात्र ऑस्लोत आणि सिडकोत सारखीच आहे, आणि कठीण मैदानावर थांबायला शिकण्याची गरज कमी होत नाही.

१५ सप्टेंबर २०१७ रोजी, १७ वर्षांखालील विश्वचषकाच्या तोंडावर, महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम झाला. शाळाशाळांत चेंडू पोहोचले. तो उत्साह चांगलाच होता. पण चेंडू वाटणे एका दिवसाचे काम असते, शिकवणे वर्षांचे. या शहरात विद्यापीठ परिसरात भारतीय खेळ प्राधिकरणाचे केंद्र आहे, शारीरिक शिक्षण महाविद्यालय आहे, घाटीसारखे मोठे सरकारी रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे. यांनी आणि जिल्हा क्रीडा कार्यालयाने मिळून दर जूनमध्ये शाळांच्या क्रीडाशिक्षकांसाठी एक दिवसाची कार्यशाळा घेतली, तर त्याला वेगळा निधीही लागणार नाही. सकाळी वॉर्मअप, दुपारी एकास-एक बचाव, संध्याकाळी सुजलेल्या गुडघ्याचे काय करायचे याची माहिती.

तोवर पालकांनी एवढे तरी करावे. मुलाला किंवा मुलीला फुटबॉलला पाठवताना ‘गोल किती केले?’ या प्रश्नाबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : ‘आज थांबायला शिकवले का?’